उंबरठ्याच्या आतले शब्द

आजारी वडिलांना पुढे करून पैसे मागायचे, ही गोष्ट केतकी मगदूमला अजिबात मान्य नव्हती. आलेख आपण दाखवायचे, प्रश्नांची उत्तरं आपण द्यायची आणि अण्णांनी सांगलीतच थांबायचं, असं तिने आणि कंपनीतला तिचा भागीदार शाकीर याने ठरवून टाकलं होतं. पण अण्णांनी ते ऐकलं नाही. ज्याचा माल त्याने सौद्याला हजर राहायचं असतं, एवढंच म्हणून ते कडक इस्त्रीच्या सदऱ्यात पुण्याला येऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी दोघांबरोबर मुंबईला गेले.

मैथिली कानविंदे यांचं ऑफिस लोअर परळच्या एका उंच इमारतीत होतं. नव्या कंपन्यांमध्ये पैसे गुंतवणाऱ्या एका फंडाच्या त्या भागीदार होत्या. दिवसाला चार-पाच कंपन्या त्यांच्यासमोर येत आणि त्यातल्या बहुतेकांना त्या गोड बोलून परत पाठवत. केतकीचं सादरीकरण सुरू असताना त्यांची नजर दोनदा फोनकडे गेली, तेव्हाच शाकीर समजून चुकला की गाडी रुळावर नाही.

तेवढ्यात अण्णा उठले. त्यांच्या जबड्याखाली बोटभर रुंदीची करडी पट्टी होती आणि तिच्या खाली, गळ्याच्या खळगीत, श्वासासाठी केलेलं छिद्र जाळीदार कापडाने झाकलेलं होतं. टेबलावरची फुलदाणी त्यांनी उचलली, सगळ्यांना फिरवून दाखवली आणि ओठ हलवायला सुरुवात केली. पट्टीतून खणखणीत आवाज आला.

"माल बघून घ्या, शेठ. चिनी माती, कुठं टवका नाही. पाचशे... पाचशे पन्नास... सहाशेला कोण? बोला, बोला, माल चाललाय."

खोलीतली दोन तरुण मंडळी हसायला लागली. अण्णांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ते थेट कानविंदेंच्या डोळ्यांत बघून भाव चढवत होते आणि आठशेला कानविंदेंनी नकळत बोट वर केलं.

"मॅडमची झाली," अण्णा म्हणाले आणि खाली बसले.

बाहुबली मगदूम सांगलीच्या बाजारात एका अडत दुकानात हळदीचे सौदे पुकारायचे. त्यांची सगळी कमाई त्या आवाजाची होती. घशात गाठ निघाली, मिरजेच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. केतकी तेव्हा पुण्यात एका मोठ्या कंपनीत इंजिनीअर होती. सुट्टीला घरी आली की अण्णा खुणा करायचे, आई अर्थ सांगायची, आणि दर वेळी खुणा कमी होत गेलेल्या दिसायच्या. शेवटी त्यांनी खुणा करणंही जवळजवळ सोडलं. त्या वर्षी केतकीने नोकरी सोडली आणि सांगलीच्या कॉलेजातल्या जुन्या मित्राला, शाकीर सतारमेकरला, गाठलं. शाकीर मिरजेच्या सतारी बनवणाऱ्या घराण्यातला. घरातला पहिला इंजिनीअर, पण कान घरचाच. दोघांनी मिळून काढलेल्या कंपनीचं नाव 'कंठस्थ' हे त्यानेच सुचवलेलं.

त्यांची मूळ कल्पना साधी होती. बोलणं घशात सुरू होत नाही. 'पाणी' म्हणायचं ठरलं की मेंदू जिभेला, ओठांना, जबड्याखालच्या बारीक स्नायूंना आज्ञा पाठवतो. या आज्ञा विजेच्या असतात. त्या फार क्षीण असल्या तरी त्वचेवरून टिपता येतात. स्वरयंत्र काढलेल्या माणसाचा मेंदू आज्ञा पाठवायचं थांबवत नाही. वाद्य गेलेलं असतं, वाजवणारा तसाच बसलेला असतो. पट्टी त्या आज्ञा टिपायची, दूरवरच्या सर्व्हरवरचा प्रोग्राम त्यांचे शब्द ओळखायचा आणि त्या माणसाच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून घडवलेल्या आवाजात ते शब्द परत पाठवायचा. जाऊन येऊन पापणी लवेपर्यंतचा वेळ लागायचा. अण्णांचा आवाज एका लग्नाच्या व्हिडिओतून आणि बाजारातल्या कुणीतरी गंमत म्हणून टिपलेल्या काही क्लिपांतून शाकीरने उभा केला होता.

कानविंदेंच्या फंडाने पैसे दिले. बाणेरला ऑफिस झालं, माणसं आली, काचेच्या दारावर नाव लागलं. मिरज, पुणे, सोलापूर इथल्या रुग्णालयांतून पट्ट्या जाऊ लागल्या. वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. बार्शीच्या एका मास्तरांनी पट्टी लावून पुन्हा वर्गात इतिहास शिकवला, तेव्हा सगळ्या ऑफिसने काम थांबवून तो व्हिडिओ पाहिला. शाकीर खिडकीकडे तोंड करून उभा राहिला होता.

कंपनी चालत नव्हती ती फक्त हिशेबात. ज्यांचा आवाज गेलेला असतो त्यांची नोकरीही बहुधा गेलेली असते. पट्टी त्यांना परवडेल अशा भावात द्यायची तर प्रत्येक पट्टीमागे तोटा होता आणि सर्व्हरचा खर्च दर महिन्याला चालूच होता. सुरुवातीला हे कुणाला टोचत नाही. स्टार्टअपने आधी वाढायचं आणि नफ्याचं मग बघायचं, हा त्या जगाचा रिवाज. पण दोन वर्षांनी पुढच्या गुंतवणुकीची वेळ आली, तेव्हा कानविंदे यांनी शांतपणे सांगितलं की हा बाजार लहान आहे. त्यांचा फंडही दुसऱ्यांच्या पैशांवर चालतो आणि त्या लोकांना त्यांनी मोठ्या परताव्याचं वचन दिलं आहे. केतकीला राग आला, पण बाई खोटं बोलत नव्हत्या.

नवा सेन्सर त्याच सुमारास तयार झाला. तो त्वचेवर छापल्यासारखा बसायचा आणि जुन्यापेक्षा कितीतरी पट बारीक आज्ञा टिपायचा. चाचणी घेताना शाकीरच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. जिथे माणूस गप्प बसलेला होता, तिथेही पडद्यावर शब्द उमटत होते.

तो कोड्यात पडला आणि मग त्याला उलगडा झाला. माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हाही जीभ आणि घशाचे स्नायू अगदी पुसट हलतात. विशेषतः जे बोलायचं म्हणून तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं, त्याची आज्ञा निघून गेलेली असते, फक्त ती अर्ध्यावर आवरलेली असते. जुन्या सेन्सरला ती ऐकूच येत नव्हती. नव्याला येत होती. मनातलं सगळंच कळत होतं असं नव्हे. चित्रं, भीती, नुसती हुरहूर यांतलं काही कळायचं नाही. पण ज्याचे शब्द झाले होते ते कळायचं. आज्ञा किती जोरकस असली की तिला 'बोलणं' मानायचं, याची एक मर्यादा प्रोग्राममध्ये घातलेली होती. ऑफिसात सगळे तिला 'उंबरठा' म्हणायचे. उंबरठा वर ठेवला की पट्टी फक्त बोललेलं बोलायची. खाली आणला की गिळलेलंही बाहेर यायचं.

शाकीरने हे केतकीला दाखवलं आणि पुढच्या बैठकीत दोघांनी कानविंदेंना. त्यांनी पडद्यावरचे शब्द पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाल्या की अशी पट्टी समोर बसलेल्या प्रत्येक संस्थापकाच्या गळ्यात असती तर त्यांच्या फंडाचे निम्मे पैसे बुडाले नसते. त्या अर्धवट हसल्या, पण आठवड्याभरात त्यांनी बंगळुरूच्या एका कितीतरी मोठ्या फंडाशी बोलणी सुरू केली होती. त्या फंडाचे प्रमुख श्रीनिधी राव यांच्याकडे गिऱ्हाईक तयार होतं. मोठ्या कंपन्यांसाठी माणसं निवडून देणारी एक संस्था होती आणि तिला मुलाखतीला आलेल्या उमेदवारांच्या गळ्यात ही पट्टी हवी होती.

केतकीने ऐकताक्षणी नको म्हटलं. शाकीर नको म्हणाला नाही.

"तू नाही म्हणायला मोकळी आहेस," तो म्हणाला. "पण पैसे संपले की सर्व्हर बंद होणार. मग बार्शीच्या मास्तरांना फोन करून तूच सांग. मला ते जमणार नाही."

त्याने आवाज चढवला नव्हता. केतकी चाचणीपुरती तयार झाली. कंपनीच्या चाचणीच्या ज्या मोजक्या पट्ट्या होत्या, त्यांच्यावर नवा सेन्सर बसवायचा आणि उंबरठा थोडा थोडा खाली आणून काय होतं ते बघायचं, असं ठरलं. अण्णांची पट्टी पहिल्या दिवसापासून चाचणीच्याच पट्ट्यांत होती. ती वगळायला हवी हे केतकीच्या ध्यानातच आलं नाही. नवा सेन्सर कुरिअरने सांगलीला गेला, अण्णांनी तो कौतुकाने लावला आणि रविवारी केतकी घरी गेली त्याच्या आदल्या दिवशी नवा प्रोग्राम सगळ्या चाचणीच्या पट्ट्यांवर आपोआप चढला.

दुपारी तिघं जेवायला बसली. आईने दोडक्याची भाजी आणि आमटी केली होती. अण्णांनी पहिला घास घेतला आणि नेहमीसारखी मान डोलावली.

"मीठ कमी आहे," पट्टी म्हणाली.

आई चमकली. तिच्या सगळ्या संसारात या माणसाने जेवणाला कधी नाव ठेवलं नव्हतं. तिला हसू फुटलं. अण्णा गोंधळून गळा चाचपायला लागले. आई मीठ आणायला उठली आणि जाता जाता केतकीला सांगत राहिली की हल्ली अण्णांचे फोन वाढलेत, इचलकरंजीची आत्या तर रोज त्यांच्याशी बोलते आणि आवाज ऐकून डोळ्याला पदर लावते. केतकीला बरं वाटलं. तिने सहज विचारलं, आवाज आता आणखी साफ केलाय, जाणवतंय का?

अण्णा हसले. त्यांचे ओठ हलले. "झकास आहे."

ओठ मिटले. आणि त्याच आवाजात, जरा पुटपुटल्यासारखं, पट्टी पुढे बोलत राहिली. "हा माझा नाही. कुणीतरी परका गळ्यात येऊन बसलाय. पोरीला कळायला नको."

मिठाची बरणी घेऊन आलेली आई दारातच थांबली. अण्णांनी पट्टीवर हात दाबला. पट्टी हाताखालून "बंद कर, बंद कर" म्हणत राहिली, तेव्हा त्यांनी ती ओढून काढली, ताटाशेजारी ठेवली आणि हात न धुताच ते परसात निघून गेले.

केतकीने लॅपटॉप उघडला. अण्णांच्या पट्टीचा उंबरठा तिने पूर्वी होता तिथे वर नेऊन ठेवला, दोनदा तपासला आणि पट्टी घेऊन ती मागे गेली. अण्णा धुण्याच्या दगडावर बसले होते. तिने पट्टी पुढे धरली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. तिने सांगितलं की आता फक्त बोलाल तेवढंच बाहेर येईल. आपल्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवावा असं आपण काय केलंय, हे तिला त्या क्षणी कळत नव्हतं. पण अण्णांनी पट्टी घेतली आणि लावली.

"तुझ्या कानावर जायचं नव्हतं ते," ते म्हणाले.

"खरं आहे का, अण्णा?"

"सकाळी असतं. दुपारपर्यंत नसतं. तुझ्या आत्याचा फोन आला की वाटतं, मीच बोलतोय."

केतकी त्यांच्या शेजारी खाली बसली. इतके दिवस सांगितलं का नाही, असं तिने विचारलं नाही. उत्तर तिला माहीत होतं. अण्णाच पुढे बोलले.

"माणूस दहा गोष्टी तोंडापर्यंत आणतो बघ, आणि त्यातली एक बोलतो. ती एक त्याची. बाकीच्यांचं अजून काय ठरलेलं नसतं. तू त्या न ठरलेल्याच उचलून घेतल्यास."

ते रागावलेले नव्हते. तेच तिला जास्त लागलं.

पुण्याला परतल्यावर तिने चाचणी बंद केली आणि शाकीरला घरी घडलेलं सगळं सांगितलं. अण्णांचा आवाज त्याने घडवला होता, त्यामुळे तो घाव त्यालाही बसला. पण त्याचं म्हणणं बदललं नाही. मुलाखतीची पट्टी वेगळी ठेवू, रुग्णांची वेगळी, एकीच्या पैशांवर दुसरी चालवू, असं तो परत परत म्हणत राहिला. पहिल्यांदाच दोघं एकमेकांशी तोलून मापून बोलायला लागली. ऑफिसातल्या लोकांनाही ते कळत होतं. जेवणाच्या सुट्टीत दोन टेबलं व्हायला लागली.

बोर्डावर तिघं होती: केतकी, शाकीर आणि कानविंदे. शाकीर आणि कानविंदे एका बाजूला गेले असते तर केतकीच्या नकाराला काही अर्थ उरला नसता. हे तिघांनाही ठाऊक होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं.

शेवटी श्रीनिधी राव स्वतः पुण्याला आले. गोष्ट माणसाच्या तोंडून ऐकायची त्यांना सवय होती आणि ते ऐकायचेही लक्ष देऊन. त्यांची एकच अट होती. जी वस्तू आम्ही विकत घेतोय ती चालते, हे आम्हाला पाहायचंय. म्हणून बैठकीत दोन्ही संस्थापकांनी पट्टी लावून बसावं, उंबरठा खाली ठेवून. केतकीने नम्रपणे नकार दिला. शाकीरने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पट्टी गळ्याला लावली. तो गप्प असताना ती त्याच्याच आवाजात बोलणार होती. तो आवाज त्यानेच आदल्या महिन्यात चाचणीसाठी घडवला होता.

सुरुवातीचे प्रश्न साधे होते. पट्टीतून मधूनच एखादा शब्द बाहेर पडे, "उकडतंय" किंवा "किती वाजले", आणि सगळे हसत. शाकीरही हसला. मग राव यांनी, पुढचं पान उलटावं इतक्या सहज स्वरात, विचारलं की तुमच्या भागीदाराचा या व्यवहाराला विरोध आहे असं आम्ही ऐकतो. तसं असलं तरी पुढेही तुम्ही दोघं बरोबरच राहणार का?

"हो," शाकीर म्हणाला. "केतकीशिवाय ही कंपनी नाही."

त्याचं तोंड मिटलं आणि पट्टी म्हणाली, "ती बाजूला झाली तर आजच सही होईल."

शाकीरचा चेहरा उतरला. त्याचा हात गळ्याकडे गेला आणि मध्येच थांबला. कानविंदे समोरच्या कागदाकडे बघत राहिल्या. राव मात्र किंचित पुढे झुकले. त्यांच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता. आपण जे घ्यायला आलो ते चोख चालतं, याचं समाधान होतं.

केतकीला पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. मग तिच्या डोळ्यांसमोरून भराभर गोष्टी जायला लागल्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पंखा बंद असताना दोघांनी पुसलेला घाम, शाकीरच्या अब्बांनी पट्टीचा पहिला साचा लाकडात कोरून दिला होता तो दिवस, आणि गेल्या महिन्यात दोनदा तिला पाहून त्याने फोनवरचं बोलणं आवरतं घेतलं होतं ते. या सगळ्यावर ते एक वाक्य शाईसारखं पसरत होतं. पुढच्या दोन-तीन श्वासांत तिच्या मनात जे आलं ते पट्टीने ऐकलं असतं तर शाकीर पुन्हा तिच्यासमोर उभा राहिला नसता. ती पट्टी आपल्या गळ्यात नाही, याचं तिला बरं वाटलं आणि तिथेच तिला कळलं की काय करायचं.

"शाकीरने उत्तर दिलंय," ती राव यांना म्हणाली. "तो हो म्हणाला."

राव सौजन्याने म्हणाले की त्यानंतर आणखी काही ऐकू आलं.

"ते यंत्र तुमच्याशी बोललं. शाकीर माझ्यासमोर जे बोलला तेवढं मी धरते."

शाकीरने पट्टी काढली. तिचा चिकट भाग केसांत अडकला होता तो त्याने सावकाश सोडवला, पट्टीची घडी केली आणि मूठ मिटली.

"दोन्ही वाक्यं माझीच आहेत, सर," तो म्हणाला. "नाकारत नाही. पण दुसरं मी कुणाला दिलं नव्हतं. ते तुम्ही घेतलंत. आणि हे यंत्र मी बनवलंय, म्हणजे मीच घेतलं." मग तो कानविंदेंकडे वळला. "मॅडम, माझं मत केतकीच्या बाजूने धरा. हे आम्ही विकणार नाही."

राव यांनी वाद घातला नाही. उठताना त्यांनी दोघांशी हात मिळवला आणि जाता जाता सांगितलं की हे तुम्ही केलं नाही तर दुसरं कुणी करेल. ते धमकी देत नव्हते. दोघांनाही ते पटलेलंच होतं.

कानविंदे मागे थांबल्या. आपल्या फंडाकडून आता एक पैसाही येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण कंपनी लहान करून चालवायची असेल तर त्या आडव्या येणार नव्हत्या. मिरजेच्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्तांना आपण ओळखतो, उद्या फोन करते, असं म्हणाल्या. पर्स उचलल्यावरही त्या घुटमळल्या. मग त्यांनी सांगितलं की राव यांनी सकाळी त्यांनाही विचारलं होतं, तुम्ही पण एक पट्टी लावता का? आणि त्यांनी खुर्ची जराशी मागे घेतली होती. एवढंच सांगून त्या निघून गेल्या.

पुढचे महिने वाईट गेले. बाणेरचं ऑफिस सोडलं. बहुतेक लोकांना दुसरीकडे नोकऱ्या शोधाव्या लागल्या आणि त्यांतल्या काहींनी केतकीशी बोलणं टाकलं. त्यांची चूक नव्हती. रुग्णालयाने मिरजेत दोन खोल्या दिल्या आणि 'कंठस्थ' तिथे आलं. शाकीरने सगळा प्रोग्राम कापून छाटून इतका लहान केला की तो पट्टीतल्याच चिपवर बसला. आवाज पूर्वीइतका भरदार राहिला नाही, काही शब्द अडखळायचे, पण पट्टीला सर्व्हर लागेना. उद्या कंपनी बुडाली तरी बार्शीचे मास्तर बोलत राहणार होते. केतकीने उंबरठा प्रोग्राममधून काढून थेट सर्किटमध्ये घातला. त्याच्या खालचं काहीही पट्टी आता टिपतच नव्हती, कुणी म्हटलं तरी.

दीड वर्षात हैदराबादच्या एका कंपनीने मुलाखतीची पट्टी बाजारात आणली. राव यांचे पैसे तिथे गेले होते. मुलाखतीला जाणारी मुलं, नको ते बाहेर पडू नये म्हणून, मनात पाढे म्हणायला शिकली. तसं शिकवणारे क्लास निघाले आणि त्या क्लासांतही कुणीतरी गुंतवणूक केली. लग्न ठरवणाऱ्या एका संस्थेने मुलामुलींच्या पहिल्या भेटीत पट्टी लावायची जाहिरात केली, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. ते अजून चालू आहे. एका पत्रकाराने केतकीला विचारलं की हे सगळं थांबवता आलं असतं का? तिने नाही म्हणून सांगितलं. मग केलंत ते कशासाठी, असं त्याने विचारल्यावर ती म्हणाली की आमच्याकडे येणाऱ्या माणसाला गळा उघडा करून बसावं लागतं, त्याला आमची भीती वाटून चालणार नाही.

शाकीर आणि तिच्यातलं बोलणं कामापुरतं उरलं होतं. ते भांडत नव्हते. तो तिचा चहा लक्षात ठेवायचा, ती त्याची जुमाच्या नमाजाची वेळ सांभाळून बैठका ठेवायची. पण त्या दिवशीचं वाक्य दोघांच्या मध्ये बसलेलं असायचं. त्याविषयी तो बोलला नाही आणि तिने विचारलं नाही.

एका रविवारी तो न सांगता सांगलीला मगदूमांच्या घरी आला. केतकीने दार उघडलं तेव्हा तो म्हणाला की अण्णांकडे काम आहे. तो अण्णांसमोर बसला आणि त्याने विचारलं, काका, आवाज कसा हवा?

इतक्या दिवसांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. अण्णांनी विचार केला. बाजारातला तो आवाज तरण्या माणसाचा होता, असं त्यांनी सांगितलं. आजारी पडायच्या आधीच तो खाली आला होता, जरा फाटला होता, सौदे संपेपर्यंत बसायचा. तसा हवा. दोघे दुपारभर आतल्या खोलीत होते. केतकी आणि आई स्वयंपाकघरात लाडू वळत बसल्या. आतून कधी घोगरा आवाज यायचा, कधी पातळ, कधी शाकीर काहीतरी गुणगुणायचा आणि पट्टी त्याच्यामागून म्हणायची. मग एकदा आतून कुणीतरी चहा मागितला.

आईने लाडू तसाच हातात धरला. "हे तर हेच," ती म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी शाकीर निघाला. केतकी त्याला सोडायला फाटकापर्यंत आली. त्याने हेल्मेट घातलं, परत काढलं. गाडीच्या आरशाकडे बघत तो उभा राहिला. त्याचे ओठ उघडले आणि गळ्यात काहीतरी हललं, हे तिला स्पष्ट दिसलं. ती थांबली. त्याला लागेल तेवढा वेळ थांबायची तिची तयारी होती.

"उद्या दहाला येतो," शाकीर म्हणाला. "सोलापूरचे पेशंट आहेत."

"ये," केतकी म्हणाली. "मी नऊलाच उघडते."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत ती फाटकात उभी होती.